जुन्या पीएलसीला इथरनेट मॉड्यूल बसवायचंय : एस७-३००, क्यू०२एच आणि डेल्टा ईएस२ (शिरोली एमआयडीसी)

भट्टीवाला_शिरोली

नमस्कार मंडळी. शिरोलीतल्या एका फौंड्रीत मेंटेनन्स बघतो. मूळ इलेक्ट्रिकलचा माणूस, लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम) वाचता येतं, फॉल्ट शोधता येतो, पण नेटवर्किंगशी कधी फारसा संबंध आला नाही म्हणून जरा सविस्तर विचारतोय.

आमच्याकडं तीन ठिकाणी तीन कंपन्यांचे पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे कंट्रोलर, आहेत. सॅंड प्लांटला सीमेन्सचा एस७-३००, सीपीयू ३१५-२ डीपी, त्याच्या एमपीआय (सीमेन्सचा सिरीयल) पोर्टवर ऑपरेटरचा टच पॅनल लागलाय. मोल्डिंग लाईनला मित्सुबिशीचा क्यू०२एच. आणि कूलिंग टॉवर अन पंपांच्या पॅनलमध्ये डेल्टाचा डीव्हीपी-ईएस२. मालकांना हे सगळं ऑफिसातल्या एका पीसीवर बघायचंय, म्हणजे मिक्सरच्या बॅच किती झाल्या, सॅंडचा मॉइश्चर किती, तासाला मोल्ड किती पडले, लाईन थांबली तर कशामुळं थांबली, पंपाचं प्रेशर. आत्ता सुपरवायझर शिफ्ट संपताना वहीत लिहितो आणि सकाळी कोणीतरी ते एक्सेलला चढवतं, त्यात आकडे इकडचे तिकडं होतात आणि ब्रेकडाऊनची खरी वेळ कधीच कळत नाही.

एकानं तिन्ही पीएलसी बदलायचं कोटेशन दिलंय, ते मालकांना झेपणारं नाही. दुसरा म्हणतो नुसती इथरनेट मॉड्यूलं लावा, दुपारपर्यंत काम होतंय. मला दोन्ही पटेना. लाईन चालू असताना हे करता येतं का, कुठलं मॉड्यूल घ्यायचं, सेटिंग कशी करायची, ज्यांनी केलंय त्यांनी जरा सांगा.

पॅनलगल्ली_इचल

तिन्ही बदलायची काय गरज नाही बघा. पण दुपारपर्यंत होतंय म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की सॅंड प्लांटच्या प्रोग्रामची कॉपी तुमच्याकडं आहे का? त्याचं उत्तर काय येतंय त्यावर पुढचं सगळं ठरतंय.

एस७-३०० ला सीपी ३४३-१ किंवा सीपी ३४३-१ लीन हे कार्ड लागतं. रॅकवर बसवणं सोपं, मागं बस कनेक्टर लावायचा, स्क्रू मारायचा, २४ व्होल्ट द्यायचे. पण कार्ड बसलं म्हणजे चाललं असं नसतं, ते हार्डवेअर कॉन्फिगमध्ये घालून सीपीयूला डाऊनलोड करावं लागतं आणि त्या डाऊनलोडला सीपीयू स्टॉपला जातो. म्हणजे सगळे कन्व्हेयर, मिक्सर, एलेव्हेटर बंद. हे भट्टी भरलेली असताना करायचं काम नाही. आणि ज्या कॉन्फिगमध्ये घालायचं ती मूळ फाईलच नसेल तर आधी पीएलसीतून अपलोड करून घ्यावी लागते.

अपलोड होतं, पण एस७-३०० च्या अपलोडमध्ये ब्लॉक येतात, हार्डवेअर येतं, सिंबॉलची नावं अन कॉमेंट येत नाहीत. एम १२.३ म्हणजे काय ते तुम्हाला ड्रॉईंग घेऊन शोधत बसावं लागतंय.

भट्टीवाला_शिरोली

हीच अडचण आहे दादा. मशीन देणाऱ्यानं प्रोग्राम दिलेलाच नाही, खूप मागितला, प्रत्येक वेळी बघतो म्हणाले. पॅनलमध्ये ड्रॉईंगचा सेट आहे तेवढाच.

गळीत_हंगाम

साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, आमच्याकडं हेच दुखणं मोठ्या आकारात असतंय. गळीत सुरू झालं की मिल हाऊसच्या कुठल्याच पीएलसीला हात लावायची सोय नाही, जे करायचं ते ऑफ सीझनला. त्यामुळं आम्ही एक सवय लावून घेतली आहे, नवीन काहीही लावायच्या आधी आहे त्याचा बॅकअप, आणि तो बॅकअप दोन ठिकाणी, एक प्लांटच्या लॅपटॉपला आणि एक ऑफिसच्या कपाटात पेनड्राईव्हवर. प्रोग्रामची कॉपी हा मशीनच्या किमतीत आलेला भाग आहे, नवीन मशीन घेताना खरेदीच्या ऑर्डरमध्येच तसं लिहून घ्यायला मालकांना सांगा, नंतर मागून कोण देत नाही.

आता तुमच्या केसमध्ये. सीपी ३४३-१ च घ्यायला पाहिजे असं नाही. एमपीआय पोर्टवरच बसणारे एमपीआय-टू-इथरनेट अडॅप्टर मिळतात. नऊ पिनच्या कनेक्टरसारखा असतो, पॉवर पोर्टमधूनच घेतो, आणि त्याच्या पाठीवर दुसरा सॉकेट असलेला घेतला की तुमच्या टच पॅनलची केबल त्याच्यावर लावता येते. महत्त्वाचं म्हणजे हार्डवेअर कॉन्फिगला हात लावावा लागत नाही, सीपीयू स्टॉपला जात नाही. प्रोग्राम हातात नसलेल्या फौंड्रीला हा मार्ग मला जास्त बरा वाटतो. एकच बघायचं, एमपीआयचा पत्ता कोणाशी धडकायला नको. साधारण लॅपटॉप ०, टच पॅनल १, सीपीयू २ असे ठरलेले असतात, तेव्हा अडॅप्टरला वेगळा मोकळा नंबर द्या.

एमपीआयचा स्पीड १८७.५ केबीपीएस असतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण तुम्हाला वाचायचंय काय, बॅच काउंट, मॉइश्चर, चार-दोन स्टेटस बिट. त्याला हा स्पीड भरपूर झाला.

पॅनलगल्ली_इचल

@गळीत_हंगाम मान्य. मी पण हेच सुचवणार होतो. शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरपासून एस७-३०० चं फेज-आऊट सुरू झालंय, स्पेअर मिळतात पण दिवसेंदिवस महाग, आणि बाजारात वापरलेली कार्डं नवीन म्हणून फिरतात. त्यात पैसे घालण्यापेक्षा अडॅप्टर लावा, उद्या सॅंड प्लांट एस७-१५०० वर गेला तर अडॅप्टर दुसरीकडं वापरता येईल.

भट्टीवाला_शिरोली

हे मला माहीतच नव्हतं, कोटेशन देणाऱ्या दोघांपैकी कोणीच बोललं नाही. मग पीसीवरच्या स्काडामध्ये (पीएलसीचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) याला जोडताना काय भरायचं? रॅक अन स्लॉट विचारतंय.

गळीत_हंगाम

रॅक ०, स्लॉट २. एस७-३०० चा सीपीयू कायम स्लॉट २ मध्येच असतो. समजा सीपी कार्ड लावलं असतं आणि ते स्लॉट ६ ला बसलं असतं तरी इथं २ च भरायचं, कारण आपल्याला बोलायचंय सीपीयूशी, कार्ड फक्त दरवाजा आहे. इथं ६ भरून दिवसभर डोकं धरून बसलेली माणसं बघितली आहेत. पोर्ट टीसीपी १०२, तो बहुतेक ड्रायव्हर स्वतःच घेतात.

उद्या एस७-१२०० किंवा १५०० आला तर स्लॉट १, आणि तिथं अजून दोन गोष्टी. सीपीयूच्या प्रॉपर्टीत प्रोटेक्शनच्या पानावर पुट-गेट ॲक्सेसची (बाहेरून वाचायची-लिहायची) परवानगी टिक करावी लागते, आणि जो डेटा ब्लॉक बाहेरून पत्त्यानं वाचायचा त्याचा ऑप्टिमाइज्ड ॲक्सेस काढावा लागतो. हे दोन राहिलं की पिंग येतो, कनेक्शनसुद्धा लागतं, पण आकडा येत नाही.

शिकाऊ_गोशि

गोकुळ शिरगावला ॲप्रेंटिस आहे. एक विचारू का, पिंग आला म्हणजे कम्युनिकेशन झालं असं नाही का? आम्हाला तसंच सांगितलेलं.

तांबडापांढरा

@शिकाऊ_गोशि नाही रे. पिंग आला म्हणजे केबल बरी आहे, आयपी बरोबर आहे आणि समोरचं कार्ड जिवंत आहे, एवढंच. त्याच्यावर पोर्ट उघडा आहे का हा वेगळा प्रश्न, आणि पोर्टवर जी भाषा बोलायची ती दोघांना एकच येते का हा तिसरा. एक एक पायरी तपासायची. आधी मॉड्यूलचा लिंक लाईट, मग पिंग, मग पोर्ट, मग एकच रजिस्टर वाचून बघायचं ज्याची खरी किंमत आपल्याला माहीत आहे, आणि मगच स्काडाचे टॅग. लोक थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात आणि मग स्काडावाल्याशी भांडत बसतात.

नेटवर्कचं काम करतो, राजारामपुरीत ऑफिस आहे, एमआयडीसीतली बरीच कामं येतात. धागाकर्त्याला माझं सांगणं, मॉड्यूल ऑर्डर करायच्या आधी एक कागद घ्या आणि पत्ते लिहून काढा. ऑफिसचं नेटवर्क बहुतेक १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० वर असणार कारण राऊटर तसाच येतो. मशीनचं त्याच्यावर घालू नका. मशीनला १९२.१६८.१० अशी वेगळी रांग द्या, सबनेट २५५.२५५.२५५.०, सॅंड प्लांट .११, मोल्डिंग .२१, पंप .३१, स्काडा पीसी .१००, मेंटेनन्सचा लॅपटॉप .२००. मधले नंबर मोकळे सोडा, पुढं कोअर शॉप, फेटलिंग जोडायचं झालं की जागा असते. सगळे पत्ते स्टॅटिक, डीएचसीपी मशीनच्या बाजूला नकोच. आणि प्रत्येक पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला आयपी, सबनेट, मॅक ॲड्रेस छापून चिकटवा.

स्काडा पीसीला दोन नेटवर्क कार्ड घाला, एक मशीनकडं, एक ऑफिसकडं, आणि दोन्ही एकमेकांना ब्रिज करायचे नाहीत. एवढं केलं की ऑफिसात कोणी नवीन सीसीटीव्हीचा डीव्हीआर लावला तरी तुमच्या मोल्डिंग लाईनचा पत्ता कोण खात नाही. हे घडतं बरं का, एक आयपी दोघांना गेला की कम्युनिकेशन येतंय जातंय येतंय जातंय असं होतं आणि सगळे केबल बदलत बसतात. असं झालं की लॅपटॉपवर आर्प कमांडनं त्या आयपीला कुठला मॅक उत्तर देतोय ते बघा आणि मॉड्यूलवर छापलेल्या मॅकशी ताडून बघा, लगेच कळतं.

प्रोग्रामर_कागल

मोल्डिंग लाईनबद्दल मी सांगते, क्यू सिरीजवरच काम असतं माझं, कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत.

क्यू०२एच ला स्वतःचा इथरनेट पोर्ट नाही (मॉडेलच्या शेवटी यूडीई असतं त्याला असतो), म्हणून क्यूजे७१ई७१-१०० हे मॉड्यूल घ्या. तुमचा बेस बघा, रिकामा स्लॉट आहे का, आणि असेल तर कुठं आहे. हे नीट वाचा कारण इथं मोठा घोळ होतो. क्यू मध्ये आय-ओचे (इनपुट-आऊटपुटचे) पत्ते स्लॉटच्या क्रमानं आपोआप पडतात. रिकामा स्लॉट डिफॉल्टला १६ पॉईंट धरतो आणि हे मॉड्यूल ३२ पॉईंट घेतं. म्हणजे मधल्या रिकाम्या स्लॉटला ते खोचलं आणि आय-ओ असाइनमेंट हातानं केलेलं नसेल, तर त्याच्या पुढच्या सगळ्या कार्डांचे पत्ते १६ नं सरकतात. प्रोग्राम तोच, वायरिंग तीच, पण वाय४० म्हणून जो व्हॉल्व्ह चालत होता तो आता दुसऱ्याच नावाखाली. मोल्डिंग लाईनवर हायड्रॉलिक सिलिंडर आहेत, तिथं असा खेळ परवडत नाही. शेवटच्या कार्डाच्या पुढंच बसवा, आणि पीएलसी पॅरामीटरमधल्या आय-ओ असाइनमेंटला सगळ्या स्लॉटचे स्टार्ट नंबर हातानं लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, मॉड्यूल बसवायला पॉवर बंद करावी लागेल. त्याआधी सीपीयूवरचा बॅट नावाचा लाईट बघा. क्यू०२एच ची प्रोग्राम मेमरी बॅटरीवर टिकते, प्रोग्राम स्टॅंडर्ड रॉममध्ये घातलेला नसेल आणि बॅटरी गेलेली असेल तर पॉवर घालवल्यावर प्रोग्राम गेला. त्यामुळं क्रम असा की आधी पॉवर चालू असतानाच जीएक्स वर्क्सनं (मित्सुबिशीचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) प्रोग्राम, पॅरामीटर, कॉमेंट आणि डिव्हाइस मेमरी सगळं वाचून सेव्ह करायचं, व्हेरिफाय करायचं, बॅटरी संशयास्पद असेल तर क्यू६बॅट नवीन घालायची, आणि मगच एमसीबी पाडायचा.

भट्टीवाला_शिरोली

ताई लै मोठं काम केलंत. आजच जाऊन बघितलं, बेसवर शेवटचा एक स्लॉट मोकळा आहे. आणि बॅट लाईट लागलेला आहे! ऑपरेटर म्हणतो तो पहिल्यापासून लागतो. उद्या बॅटरी मागवतो.

प्रोग्रामर_कागल

बॅटरी यायच्या आधी बॅकअप घ्या, उद्यावर टाकू नका. लाईट गेली आणि पॅनलला यूपीएस नसेल तर काय होईल ते सांगायला नको. मे महिन्यात वळीव आला की शिरोलीत फीडर किती वेळा जातो ते तुम्हालाच माहीत.

भट्टीवाला_शिरोली

घेतला ताई, रात्रीच्या शिफ्टला थांबून घेतला. व्हेरिफाय करून दोन ठिकाणी ठेवलाय. यावर पासवर्ड नव्हता हे नशीब.

पॅनलगल्ली_इचल

हे बेस्ट झालं. आता मॉड्यूल नाही लागलं तरी चालेल, एवढ्यानंच अर्धा धागा वसूल!

डेल्टाचं मी सांगतो. डीव्हीपीईएन०१-एसएल नावाचं इथरनेट मॉड्यूल आहे पण ते डाव्या बाजूच्या बसवर बसतं, एसव्ही, एसए२, एसएक्स२ अशा मॉडेलला चालतं. ईएस२ ला डाव्या बाजूचा बस नाही. दुकानदार मॉड्यूल देईल, घरी आणल्यावर कळतंय की बसायलाच जागा नाही. तुम्हाला आरएस-४८५ (सिरीयल लाईन) वरून मॉडबस (पीएलसीशी बोलायची खुली भाषा) गेटवे लागेल, डेल्टाचाच आयएफडी९५०६ आहे, किंवा दुसऱ्या कुठल्याही चांगल्या कंपनीचा मॉडबस आरटीयू ते मॉडबस टीसीपी गेटवे घ्या.

ईएस२ चा कॉम२ हा आरएस-४८५ आहे. डिफॉल्टला तो ९६००, ७ बिट, इव्हन, १ स्टॉप, आस्की मोडमध्ये असतो, आणि गेटवे आरटीयू बोलतो. म्हणून प्रोग्राममध्ये सुरुवातीच्या पल्सवर, म्हणजे एम१००२ वर, डी११२० मध्ये एच८१ टाका, ते झालं ९६००, ८, नन, १. एम११२० सेट करा म्हणजे सेटिंग टिकतं, एम११४३ सेट करा म्हणजे आरटीयू. स्टेशन नंबर डी११२१ मध्ये. गेटवेला पण तेच ९६००-८-नन-१. याचा प्रोग्राम तरी आहे ना?

भट्टीवाला_शिरोली

हो, पंपाचं पॅनल आमच्याच इथं बनवलंय, फाईल आहे.

पॅनलगल्ली_इचल

मग झालंच. आता पत्ते. डेल्टाचा डी० म्हणजे मॉडबसमध्ये हेक्स १०००, दशमानात ४०९६. काही स्काडा ४०४०९७ असं मागतात, काही नुसतं ४०९६, तो एकचा फरक आधी एका रजिस्टरवर तपासून घ्या. डी१०० ला हातानं १२३४ टाकायचं आणि स्काडात १२३४ दिसतंय का बघायचं. शेजारचं शून्य दिसलं तर एकनं सरकलाय. एम० म्हणजे हेक्स ०८००, दशमान २०४८.

४८५ च्या वायरला ट्विस्टेड पेअर शिल्डेड, आणि लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहम. वीज मोजायचे मीटर पण त्याच लाईनवर लावता येतील, स्टेशन नंबर वेगळे द्या फक्त.

शिकाऊ_गोशि

मॉडबस इतकं जुनं असून सगळीकडं तेच का वापरतात?

गळीत_हंगाम

सोपं आहे आणि खुलं आहे म्हणून. मॉडिकॉननं १९७९ ला काढलं, तेव्हा सिरीयल होतं, नंतर टीसीपीवर आलं, पोर्ट ५०२. एका वेळी जास्तीत जास्त १२५ रजिस्टर वाचता येतात. पण त्यात पासवर्ड नाही, सही नाही, ज्याला पोर्ट सापडला तो वाचू पण शकतो आणि लिहू पण शकतो. म्हणून @तांबडापांढरा यांनी वेगळी रांग करायला सांगितलंय ते फार महत्त्वाचं आहे.

तांबडापांढरा

आता केबलवर बोलतो, कारण फौंड्रीत निम्म्या तक्रारी तिथंच असतात.

कॉपरच्या केबलची मर्यादा १०० मीटर, ती सरळ अंतराची नाही, ट्रे मधून वर खाली जाऊन जेवढी लागेल तेवढी. इंडक्शन भट्टीच्या पॉवर केबल ज्या ट्रे मधून जातात त्यात लॅन केबल टाकायची नाही, व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राईव्ह) मोटर केबलजवळून पण नको, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. शिल्डेड कॅट६ घ्या, दोन्ही टोकांना धातूचा आरजे४५, नाहीतर शिल्डचा उपयोग नाही. रंगाचा क्रम दोन्हीकडं सारखा, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

पण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायचं असेल तर कॉपर नकोच, फायबर टाका. दोन शेडचं अर्थिंग सारखं नसतं, भट्टी फुल पॉवरला गेली की फरक वाढतो आणि तो करंट केबलच्या शिल्डमधून वाट काढतो. वळवात विजा पडल्या की दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जातात, मी असे स्विच पोत्यानं बघितलेत. फायबर काचेचं, त्यातून करंट जात नाही, भट्टीचा नॉइज पण त्याला लागत नाही. दोन मीडिया कन्व्हर्टर अन एक फायबर, हा खर्च एका जळालेल्या पीएलसी मॉड्यूलपुढं काहीच नाही.

स्विच पण पॅनलसाठीचा घ्या, डीन रेलवर बसणारा, २४ व्होल्टचा. ऑफिसचा प्लॅस्टिकचा स्विच घालून त्याचा अडॅप्टर सॉकेटला टांगलेला असतो, व्हायब्रेशननं तो ढिला होतो आणि सगळे म्हणतात पीएलसी हॅंग झाला.

भट्टीवाला_शिरोली

सॅंड प्लांट आणि मोल्डिंग एकाच शेडमध्ये, पंप अन ऑफिस वेगळ्या. म्हणजे दोन ठिकाणी फायबर. आणि धुळीचं काय करायचं? आमच्याकडं ग्रीन सॅंड, बेंटोनाईट अन कोल डस्ट सगळीकडं उडत असतंय, सॅंड प्लांटच्या पॅनलचं दार उघडलं की आत काळी पावडर बसलेली असते.

गळीत_हंगाम

कोल डस्ट वाईट. आरजे४५ च्या आत आठ सोनेरी पिना असतात, रिकाम्या पोर्टमध्ये ती धूळ बसते, वर पावसाळ्याचा दमटपणा, मग पिना काळ्या पडतात आणि लिंक कधी १०० वर तर कधी १० वर. रिकामा प्रत्येक पोर्ट प्लगनं बंद करा, दोन-चार रुपयांचे रबरी प्लग मिळतात. पॅनलला केबल ग्लॅंडमधूनच आत घ्या, भोक पाडून नको. फिल्टर बदलायचं कोणाचं काम ते लिहून ठेवा. आणि कृपा करून पोर्टमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी असतं.

भट्टीवाला_शिरोली

अपडेट देतो. साप्ताहिक सुट्टीला शटडाऊन घेऊन मोल्डिंगचं मॉड्यूल बसवलं, शेवटच्या स्लॉटला, आय-ओ असाइनमेंट ताईंनी सांगितल्याप्रमाणं आधी लिहून घेतलं. बॅटरी नवीन. लाईन ड्राय रन केली, एकही पत्ता सरकला नाही, सगळे व्हॉल्व्ह जागच्या जागी.

आता अडकलंय ते असं की पिंग छान येतो, मॉड्यूलवर रन लाईट आहे, इनिट लाईट आहे, पण ओपन लागत नाही. स्काडात टाईमआऊट. नेटवर्क पॅरामीटरला आयपी १९२.१६८.१०.२१, ओपन सेटिंगला टीसीपी, अनपॅसिव्ह, पोर्ट ५०००. स्काडात पण ५०००.

प्रोग्रामर_कागल

इनिट लागला म्हणजे मॉड्यूलला पॅरामीटर मिळालेत, ते बरं झालं. ओपन लागत नाही म्हणजे पोर्टवर कोणी येऊन जोडलं गेलं नाही. जीएक्स वर्क्सच्या त्या पानावर पोर्टचा नंबर हेक्समध्ये घेतला जातोय का बघा. तसं असेल तर तुम्ही टाकलेले ५००० हे दशमानात २०४८० होतात आणि स्काडा दुसऱ्याच दारावर टकटक करतोय. हेक्समध्ये १३८८ टाका, ते झाले दशमान ५०००. स्काडात ५००० च राहू दे. पॅरामीटर लिहून झाल्यावर सीपीयू रीसेट करावा लागेल, नुसतं लिहून लागू होत नाही.

आणि ऑपरेशन सेटिंगमध्ये डेटा कोड बायनरी आहे का आस्की ते बघा, स्काडाच्या ड्रायव्हरमध्ये जे असेल तेच इथं. मी कायम बायनरी ठेवते, आस्कीत तोच डेटा दुप्पट लांब होतो. त्याच पानावर इनिशियल टायमिंगला ऑलवेज वेट फॉर ओपन ठेवा म्हणजे सीपीयू स्टॉपला असला तरी कम्युनिकेशन राहतं. प्रोटोकॉल एमसी (मित्सुबिशीची स्वतःची भाषा), फ्रेम ३ई.

भट्टीवाला_शिरोली

हेक्सच होतं! १३८८ टाकून रीसेट केलं आणि ओपन लागला, एसडी आरडी दोन्ही लुकलुकायला लागले. मोल्ड काउंटचा डी रजिस्टर पीसीवर आणि टच पॅनलवर एकच आकडा दाखवतोय. लै आनंद झाला, सुपरवायझर पण येऊन बघून गेला.

त्याच पानावर ऑनलाईन चेंज एनेबल असं एक टिक आहे, ते करायचं का?

प्रोग्रामर_कागल

तुम्हाला फक्त वाचायचंय ना? मग करू नका. ते टिक नसेल तर पीएलसी रनमध्ये असताना बाहेरून कोणी लिहायला गेलं तरी मॉड्यूल नाकारतं. मोल्डिंग लाईनजवळ माणसं उभी असतात, ऑफिसातून कोणी चुकून टायमर बदलला तर तो धोका मशीनला नाही, माणसाला आहे. मालकांनी रेसिपी ऑफिसातून बदलायची मागणी केली तरी आधी कोणता रजिस्टर, कोणी बदलायचा, लाईन कुठल्या अवस्थेत असताना बदलायचा हे लॅडरमध्ये बांधून घ्या, मग टिक करा.

तांबडापांढरा

आणि पुढची मागणी मी आत्ताच सांगतो, मालकांना मोबाईलवर पाहिजे असेल. कोणीतरी येऊन राऊटरला पोर्ट फॉरवर्ड करून देतो, ५०२ किंवा १०२ थेट इंटरनेटवर. अजिबात करू देऊ नका. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट शोधणारी सर्च इंजिनंच आहेत, तुमचा पीएलसी त्यात दिसायला वेळ लागत नाही. स्टक्सनेट २०१० साली उघडकीस आलं, ते तर इंटरनेटला न जोडलेल्या ठिकाणी पेनड्राईव्हवरून गेलं होतं आणि त्याचं लक्ष्य एस७-३०० अन ४०० च होते. मोबाईलवर बघायचं असेल तर व्हीपीएन असलेला राऊटर घ्या, आणि मोबाईलनं स्काडाचं पान बघायचं, पीएलसीपर्यंत जायचं नाही. स्काडा पीसीला पेनड्राईव्ह लावायचा तो एकच, ठरलेला.

पॅनलगल्ली_इचल

स्काडाचे टॅग करताना अजून एक करा. सुटे सुटे पत्ते वाचू नका, डी१०० नंतर डी८५० नंतर डी२३०० असं केलं की प्रत्येकाला वेगळी फेरी लागते. क्यू मध्ये रनमधलं चार ओळींचं लॅडर लिहून सगळे हवे ते आकडे एका सलग पट्ट्यात आणून ठेवा, डी३००० ते डी३०५० असं काहीतरी, आधी क्रॉस रेफरन्सला ते मोकळे आहेत ना बघून. ३ई फ्रेममध्ये एका वेळी ९६० वर्ड वाचता येतात, ५० तर चुटकीसरशी. एस७-३०० ला एका फेरीत २२२ बाईट मिळतात, पण तिथं प्रोग्रामला हात लावायचा नाही म्हणून जिथं आहे तिथून वाचा. आणि दर १०० मिलिसेकंदाला वाचायचा हट्ट नको, बॅच काउंटला एक सेकंद पुरे.

भट्टीवाला_शिरोली

सॅंड प्लांटचा अडॅप्टर पण लागला. टच पॅनलची केबल त्याच्या पाठीवर, पत्ता ५ दिला, प्लांट थांबला नाही. आधी लॅपटॉपवर अपलोड घेऊन ठेवला. बॅचचा आकडा मिळाला पण मॉइश्चर ३.४ च्या जागी काहीतरी भलताच मोठा आकडा येतोय. टच पॅनलच्या ड्रॉईंगमध्ये डीबी २० मध्ये डीबीडी ८ असं लिहिलंय.

गळीत_हंगाम

डीबीडी म्हणजे चार बाईट, आणि मॉइश्चरला दशांश आहे म्हणजे तो रिअल असणार. तुम्ही टॅग डबल इंटिजर केलाय असं वाटतंय, फ्लोट करून बघा. फ्लोट करूनही विचित्र आला तर वर्ड स्वॅप बघा. सीमेन्समध्ये वरचा वर्ड आधी असतो, मित्सुबिशी अन डेल्टात खालचा वर्ड आधी. म्हणून तिन्ही ड्रायव्हरला एकच सेटिंग कॉपी करून चालत नाही.

भट्टीवाला_शिरोली

फ्लोट केलं, ३.४ आलं. पॅनलवर पण ३.४.

आता पंपाकडचं फायबर ओढून झालं की गेटवे. भट्टी फुल पॉवरला असताना पिंग सलग चालू ठेवून बघू म्हणतोय, किती पॅकेट पडतात ते इथं टाकतो.

तांबडापांढरा

नुसतं पिंग नको, मोठं पॅकेट करून पण बघा, १४०० बाईटचं. ३२ बाईटचं छोटं पॅकेट नॉइजमधून सुटून जातं, मोठं अडकतं. स्विच मॅनेज्ड असेल तर त्या पोर्टचा सीआरसी एररचा (खराब होऊन आलेल्या पॅकेटचा) काउंटर भट्टी चालू व्हायच्या आधी शून्य करा आणि हीट संपल्यावर वाचा. आणि मोल्डिंगचा पोर्ट आधी तपासा, तुमच्या सांगण्यावरून भट्टीच्या सगळ्यात जवळून जाणारी केबल तीच दिसते.